ओटीतले ब्लाउजपीस कामाला लागले

धाराशिवातलं कुठलंही कपाट उघडा, साड्यांच्या मागे एक गठ्ठा असतोच. ओटीत आलेले ब्लाउजपीस. एखादा बारशातला, एखादा चैत्रातल्या हळदीकुंकवाचा, एखादा तुळजापूरला देवीला येऊन गेलेल्या पाहुणीनं जाताना दिलेला. शंभरातला एखादा शिवला जातो. बाकीचे घडी न मोडता पुढच्या ओटीत जातात, तिथून आणखी पुढे. घडीच्या कडेवर बसलेली मळकट रेघ बघितली की मला कळतं, हा पीस बारा घरचं पाणी पिऊन आलेला आहे.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, लहान मुलींचे फ्रॉक, पिको-फॉल. बाया साडीबरोबर हा गठ्ठाही पिशवीतून आणतात आणि काउंटरवर ठेवून विचारतात, “अक्का, ह्याचं काही होतंय का बघा की.” पूर्वी मी त्याचे उशांचे अभ्रे करून द्यायचे, नाहीतर अस्तराला वापरायचे. आता बहुतेकींना त्याची बांधायची फडकी करून देते. कुणाच्या घरी जाताना पेढे, चटणी, गूळ, डाळ असं जे काही न्यायचं ते बांधायला.

याची सुरुवात येळवशीनं झाली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमचा जिल्हा आणि शेजारचा लातूर जिल्हा अख्खाच्या अख्खा शेतात असतो. गावातल्या बाजारपेठा ओस पडतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबिल, गव्हाची खीर. ज्याच्याकडे शेत आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला बोलावतो. नोकरीनिमित्त इथं आलेल्या माणसालाही चार ठिकाणचं बोलावणं असतं, आणि न जाणं वाईट दिसतं. बोलावलं की रिकाम्या हातानं कसं जायचं?

माझ्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एक शिक्षिका आहेत. त्यांना सहकारी बाईंच्या शेतात जायचं होतं. कुंथलगिरीचे पेढे आणून ठेवले होते. भूम तालुक्यातल्या खव्याचं नाव मोठं आहे, तो पेढा न्यायचा म्हणजे मान राखल्यासारखं असतं. पण दुकानातला चमकी कागद त्यांना नको होता. “शेतात कागद फाडला की वाऱ्यावर उडतो, अन् संध्याकाळी बैलाच्या तोंडात सापडतो,” असं म्हणाल्या. खरंच होतं. तो कागद नावालाच कागद. मुठीत चुरगळून सोडा. पुन्हा फुलून उघडला तर समजायचं की त्यात प्लास्टिक आहे. मातीत तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यांच्याच गठ्ठ्यातला एक हिरवा सुती पीस मी काढला, चौकोनी कापला, कडा दुमडल्या आणि खोका बांधून दाखवला.

येळवशीनंतर त्या आल्या त्या तेच फडकं हातात घेऊन. त्यात हरभऱ्याचे डहाळे होते. शेतवाल्या बाईंनी पेढे काढून घेतले आणि फडकं रिकामं कसं पाठवायचं म्हणून डहाळे बांधून दिले. डब्याचं आपल्याकडे असंच असतं. शेजारणीचा डबा आला की धुऊन, पुसून, त्यात निदान दोन लाडू तरी घालून परत जातो. चमकी कागद आल्यापासून भेटीच्या बाबतीत हा रिवाज तुटला होता, कारण परत करण्यासारखं काही उरतच नव्हतं. त्या डहाळ्यांकडे बघून मला वाटलं, हे काम मन लावून करण्यासारखं आहे.

मन लावून म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण वरवर बघता हे चौकोनी फडकंच आहे.

ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटीमीटरचा असतो, म्हणजे साडेएकतीस इंच. पन्हा छत्तीसचा किंवा थोडा जास्त. त्यातून एकतीसचा चौकोन निघतो आणि पन्ह्याकडची एक पट्टी उरते. पण कात्री लावायच्या आधी पीस रात्रभर पाण्यात ठेवायचा. कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवलं आणि मग आटलं तर कडा गोळा होतात, चौकोन वाकडा होतो. लाल आणि गर्द निळ्या पिसांचा रंग जातो, म्हणून ते मिठाच्या पाण्यात वेगळे भिजवायचे आणि ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून बघायचे. चिंधीला रंग लागला तर तो पीस खाण्याच्या वस्तूला वापरायचा नाही. कितीही सुंदर असला तरी नाही.

कापड सुती आहे का, हे हाताला कळतं. शंका असेल तर काठाचा एक दोरा काढून काडीनं पेटवते. सुताचा दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टरचा दोरा वितळून त्याचा टणक मणी होतो. गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त पीस आता मणी होणारेच निघतात. जे ओटीत फिरण्यापुरतेच बाजारात येतात, त्यांचा ब्लाउज घातला तर घाम अंगावरच राहतो. ते मी बाजूला ठेवते. बांधायला ते निसरडे पडतात, गाठ धरत नाहीत. खणाच्या कापडाचंही तसंच. गुळेदगुड्डचा जुना हातमागाचा खण हातात आला तर मी तो कापायला तयारच होत नाही, तो ब्लाउजच्याच कामाचा. आणि खणाच्या नक्षीचं जे मिलचं कापड मिळतं ते दिसायला छान, पण गाठीला कच्चं.

कडेची दुमड पाव इंचाची आणि दुहेरी. पिको करून भागत नाही, दोन-चार धुण्यांत दोरे निघतात. खरं कसब कोपऱ्यात आहे. चारही कोपरे साध्या पद्धतीनं दुमडले तर तिथं कापडाचे इतके थर होतात की गाठ मारताना तो गोळा हाताला लागतो आणि गाठ बसत नाही. म्हणून कोपरा आधी तिरपा कापते, टोक आत घेते, मग दोन्ही बाजूंची दुमड त्याच्यावर आणते. टोक पातळ राहतं आणि धरायला कान मिळतो. पन्ह्याचा मूळ काठ एका बाजूला तसाच ठेवते, त्याला शिलाई लागत नाही.

किती मोठं फडकं घ्यायचं याचा माझा हिशेब सोपा आहे. खोका फडक्याच्या मधोमध तिरपा ठेवायचा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतरात त्या खोक्याची लांबी तीन वेळा बसली पाहिजे. शिवून झाल्यावर एकोणतीस-तीस इंच राहिलेल्या फडक्यात किलोभर मिठाईचा खोका बांधून हातात धरायला भरपूर कान उरतात. अर्ध्या किलोला ते मोठं होतं. त्यासाठी मी चव्वेचाळीस पन्ह्याचं कापड आणते आणि त्याचे बावीसचे दोन काढते, चिंधीभरही वाया जात नाही.

आणि गाठ. निरगाठ मारायची नाही. ज्याच्या घरी भेट जाते त्या बाईनं नखं लावून, दात लावून ती सोडवावी, हे बरं दिसत नाही. समोरासमोरचे दोन कान घ्यायचे, एकदा डावा उजव्यावर, मग उजवा डाव्यावर. गाठ चपटी बसते आणि दोन्ही टोकं आडवी, एका रेषेत येतात. दोन्ही वेळा एकाच बाजूनं नेलं तर टोकं उभी राहतात आणि गाठ एकतर सरकते, नाहीतर आवळून बसते. सोडवताना एका कानाला धरून त्याला उलट्या बाजूला ताठ ओढायचं, की दुसरा कान त्याच्यावरून सरकन निघून येतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानातच दोनदा करायला लावते. फडकं देण्याइतकंच हे शिकवणंही माझ्या कामात धरते.

इथं मला माझं ठाम मत सांगायचं आहे. बांधायच्या कापडाचं खरं मोल गाठ सुटल्यावर ठरतं. भेट काढून घेतली, आता ते कापड त्या घरात काय करणार? नुसतं सुंदर असेल तर ते घडी होऊन कपाटात जाईल, त्याच गठ्ठ्यात, जिथून ते आलं. म्हणून मी ते भाकरी गुंडाळायला येईल अशा बेतानं शिवते. आमच्याकडे ज्वारीची भाकरी ही रोजची. गरम भाकऱ्यांची चवड सुती फडक्यात ठेवली की फडकं वाफ पिऊन घेतं, भाकरीला पाणी सुटत नाही आणि ती मऊ राहते. पॉलिएस्टर वाफ पीत नाही, खालची भाकरी चिकट होते. एकोणतीस इंची फडक्यात घरच्या सगळ्यांच्या भाकऱ्या बसतात. तेच फडकं विरजणाच्या भांड्यावर, पापडाच्या पिठावर, दुरडीवर चालतं. एकदा ते स्वयंपाकघरात कामाला लागलं की मग परत आलं काय आणि नाही आलं काय.

हा हट्ट मनातून आलेला नाही, त्याला हिशेब आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या सुती पिशवीनं हवामानाच्या बाबतीत साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर ती निदान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी वगैरे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. ते आकडे पिशवीचे आहेत, फडक्याचे नाहीत, पण रोख स्पष्ट आहे. कापूस पिकवायला, सूत रंगवायला पाणी जातं, आणि पाण्याची किंमत धाराशिवच्या माणसाला कुणी सांगायला नको. एका भेटीपुरतं कोरं कापड फाडून वर निसर्ग राखल्याचं समाधान मानणं मला पटत नाही. कपाटातल्या ब्लाउजपीसचं पाणी मात्र आधीच खर्च झालेलं आहे. तो पडून राहिला तर ते पाणी वाया, वापरला तर सार्थकी.

बचतगटातल्या बायांना हे काम शिकवायला मी तेरला जाते. गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एकदा सगळ्या मिळून गेलो. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात त्याची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, आणि तिथून गाड्या भरून भडोच बंदराकडे काय जात होतं? भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. बायांपैकी एकीनं लगेच विचारलं, “म्हंजी आपल्या गावचं कापड समुद्रापार जात होतं?” हो, जात होतं. आणि त्यातही साधं कापड पुष्कळ जात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मलमलीचं कौतुक सगळेच करतात.

कापडात बांधून ठेवणं आपल्या अंगवळणी पडलेलंच होतं. पोथी लाल कापडात, लग्नाचा बस्ता कापडात, प्रसादाच्या ताटावर क्रोशाचा रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं रुमालांत बांधलेली असतात, आणि अमुक रुमाल असाच त्यांचा हिशेब ठेवतात. जपानमध्ये या बांधणीला फुरोशिकी म्हणतात. २००६ साली तिथल्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी ती पुन्हा वापरात यावी म्हणून खास कापड काढलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली मोबाइलवर त्याची चित्रं आणून दाखवतात. मला ती आवडतात, त्यातली बाटली बांधायची पद्धत मी मधाच्या बरणीसाठी घेतली. पण मुलींना सांगते, तुमच्या आजीला विचारा, शिदोरी कशी बांधायची. तिलाही येत असेल.

रंगाचं भान ठेवावं लागतं. ओटीसोबत जाणाऱ्या भेटीला हिरवा, लाल, पिवळा. काळं फक्त संक्रांतीला. आणि ओटीला, देवाधर्माला कापड कोरंच लागतं, जुन्या साडीतून काढलेलं चालत नाही. ब्लाउजपीस इथं दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: तो घरातच पडून असतो आणि कोराही असतो. जुन्या सुती पातळाची फडकी मी घरातल्या माणसांपुरती करते. पातळ बसण्याच्या जागी विरतं, काठाजवळ शाबूत असतं, तिथूनच कापड काढायचं. भाऊबीजेला बहिणीनं आईच्या पातळातून काढलेल्या फडक्यात भावाला चिवडा बांधून द्यावा, यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट तेच फडकं तो जपून ठेवतो.

एक प्रसंग असा असतो जिथं फडकं परत मागायचं नसतं. आमच्या गल्लीत कुणाकडे मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं, भात, भाकरी नेतात. त्यासाठी मी विटक्या, बिनकाठाच्या कापडाची काही फडकी कायम शिवून ठेवते आणि त्याचे पैसे घेत नाही. ती भाकऱ्यांसकट तिथंच ठेवून यायची. त्या घरानं भांडी परत करताना त्यात काही घालून पाठवायचं नसतं, आणि फडकं परत करण्याची आठवणही त्यांच्या डोक्याला नको.

प्लास्टिकबंदीनं या कामाला हात दिला, हे खरं. आपल्या राज्यात २३ जून २०१८ पासून ती लागू झाली, आणि १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर प्लास्टिकचं वेष्टन घालायला देशभर बंदी आली. पण तिच्या पाठोपाठ जी कापडासारखी दिसणारी पिशवी आली, तिच्याबद्दल मला बोललंच पाहिजे. दुकानात तिला कापडी म्हणून देतात. तिच्यात ना उभा धागा ना आडवा. मशीनखाली घातली की सुईचं भोक तसंच राहतं आणि तिथून ती फाटत जाते. उन्हात टांगली की काही महिन्यांत भुगा होऊन हाताला लागते. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, प्लास्टिकच. माझ्याकडे येणाऱ्या बायांना मी काडी लावून दाखवते: राख होत नाही, वितळते. त्यानंतर तिला कापडी म्हणायचं धाडस कुणी करत नाही.

हल्ली लग्नाच्या घरांकडून विचारणा होते. परतभेट म्हणून पाहुण्यांना लाडू-चिवडा द्यायचा, तो फडक्यात बांधून. एका घरच्या मंडळींना प्रत्येक फडक्यावर वधूवरांची नावं आणि तारीख मोठ्या अक्षरांत छापून हवी होती. मी नावं छापायला नकार दिला. मुलीच्या आईला समजावून सांगितलं, “काकू, नाव छापलेलं फडकं पाहुणा पुढं कुणाला देणार? दुसऱ्याच्या लग्नाचं नाव घेऊन कुणी कुणाच्या घरी जाईल का? ते त्याच्याच घरात अडकून पडेल.” त्यांना वाईट वाटलं. मुलीचं लग्न आहे, आठवण राहावी असं कोणत्याही आईला वाटणारच. शेवटी आमचं असं ठरलं: छापील काही नाही, पण प्रत्येक फडक्याच्या एका कोपऱ्यात, दुमडीच्या आतल्या अंगाला, हळदीच्या रंगाच्या दोऱ्यानं एक टाका. घरच्यांना तो ओळखू येईल, बाकीच्यांना आडवा येणार नाही.

लग्न चैत्रात आहे. एवढे सुती ब्लाउजपीस एका घरच्या गठ्ठ्यात निघायचे नाहीत, म्हणून त्यांच्या भावकीतल्या बायांनी आपापली कपाटं उपसायला घेतली आहेत. पिशव्या दुकानात यायला लागल्यात. कमी पडले तर बारीक चौकडीचं कापड सोलापूरहून आणावं लागेल. काडी लावून निवड चालू आहे, निम्मा गठ्ठा झाला. सुती निघाले ते उद्या भिजत घालायचे, लाल वेगळे, मिठाच्या पाण्यात.